हात मागे

पहाटे पावणेपाच

गजराआधीच जाग येते, कारण आज द्वितीया. अमावास्या होऊन दोन दिवस झाले, म्हणजे उधाणाचे दिवस. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. हा हिशेब मला कॉलेजात कोणी शिकवला नाही, एका नाखव्यानं शिकवला. दोनाची पाऊणपट दीड. म्हणजे दुपारी दीडला पूर्ण भरती, सकाळी साडेसातच्या सुमारास तळाची ओहोटी, आणि साडेदहाला पाणी सगळ्यात जोरानं आत येणार. मला तेच हवंय. साडेदहाला आमचा तेल अडवायचा बूम फसला पाहिजे, आणि बावीस जणांच्या डोळ्यांदेखत फसला पाहिजे.

मी पशुवैद्य. खाडीवर आणि किनाऱ्यावर काम करणाऱ्या वनकर्मचाऱ्यांना तेल किंवा रसायन सांडलं तर काय करायचं हे शिकवते. पावसाच्या तोंडावरची ही शेवटची तुकडी. टेम्पोत सामान चढवते: भाताच्या तुसाची दोन पोती, एक असोला नारळ, आठ टब, जुन्या सुती चादरी, भांडी घासायच्या साबणाच्या बाटल्या, गॅरेजमधून आणलेलं अर्धा लिटर जळकं ऑइल, आणि बर्फाच्या पेटीत पिसांसकट ठेवलेलं एक मेलेलं बदक. त्या पेटीला घरात कोणी हात लावत नाही.

सकाळी साडेसहा

ठाणे खाडी उताणी पडलेली. पाणी दूर गेलंय आणि चिखलावर रोहित पक्ष्यांची, म्हणजे फ्लेमिंगोंची, लांबलचक गुलाबी रेघ. मे संपत आला तरी बरेच अजून इथेच आहेत. खाडीच्या या पट्ट्याला २०१५मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि २०२२मध्ये रामसर यादीत जागा मिळाली. एका अंगाला रासायनिक कारखान्यांची वसाहत, दुसऱ्या अंगाला महानगर, खाली दक्षिणेला देशातली दोन मोठी बंदरं, आणि मधे ही पाखरं. इथे अजून मोठं काही घडलेलं नाही, हे मला दर वेळी जरा आश्चर्याचंच वाटतं.

नाखवा होडी बांधून उभा आहे. वय सत्तरीकडे झुकलेलं, पण दोर अजून त्याच्याच हातात. पोत्यांकडे बघून हसतो. "या टायमाला कुरमुरे नाय का आनले?"

पहिल्या वर्षीची चूक तो विसरू देत नाही. तेलाच्या जागी तरंगायला काहीतरी हवं, ते निरुपद्रवी हवं, म्हणून मी कुरमुरे आणले होते. हिवाळा होता. पाच मिनिटांत कुरव पक्ष्यांनी सगळा तेलतवंग फस्त केला. तेव्हापासून तूस.

सकाळी आठ

पोहे, चहा, हजेरी. बावीस जणांत वनरक्षक जास्त, त्यांतल्या नऊ मुली. चार वनपाल, दोन बोटचालक आणि एक वनक्षेत्रपाल, ज्यांना सगळे 'रेंजर साहेब' म्हणतात. बिबट्या विहिरीत पडला, अजगर कोंबड्यांच्या खुराड्यात शिरला, तिवरं रातोरात तोडली गेली, की धावत जाणारी ही माणसं. धावणं यांच्या हाडात आहे. आणि मला दिवसभर यांना शिकवायचंय ते थांबायला.

पहिला प्रश्न नेहमीचाच. "किनाऱ्यावर तेलानं माखलेला पक्षी दिसला. काय कराल?"

"उचलणार."

"गोड्या पाण्यानं धुणार."

"पाणी पाजणार, मॅडम."

मागून एक वनपाल म्हणतो, "आधी साहेबांना फोन लावणार." सगळे हसतात. आतापर्यंतचं सगळ्यात बरोबर उत्तर तेच आहे, हे मी सांगते तेव्हा हसू थांबतं.

मग मी त्यांना माझ्या पाणकावळ्याची गोष्ट सांगते. ७ ऑगस्ट २०१०ला मुंबईच्या तोंडाशी 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया-३' ही दोन जहाजं एकमेकांवर आदळली. चित्रा कलंडली, साधारण ८०० टन तेल समुद्रात गेलं. डेकवरचे कंटेनर घसरून पाण्यात पडले आणि वाहत सुटले. काहींत कीटकनाशकं होती. बंदरं काही दिवस बंद राहिली, मासे खायला लोक घाबरू लागले. मी तेव्हा नुकतीच पदवी घेऊन बाहेर पडलेली. किनाऱ्यावर मला एक पाणकावळा सापडला, नखशिखांत काळा, म्हणजे पाणकावळा असतो त्याहून काळा. मी त्याला मांडीवर घेतलं, नळाखाली धरलं, कपड्यांच्या पावडरीनं खसाखसा धुतलं, टॉवेलात गुंडाळून खोक्यात ठेवलं. वर पाऊस चालूच. रात्री नऊच्या आत तो मेला.

तेलानं मेला, असं मी कितीतरी वर्षं सांगत होते. तो माझ्या हातांनी मेला. पक्ष्याच्या अंगात चाळीस-एक्केचाळीस अंशांची ऊब असते आणि ती धरून ठेवतात पिसं. पिसाचे बारीक धागे चेनच्या दातांसारखे एकमेकांत अडकलेले असतात. तेल ती चेन उघडतं. मग पाणी थेट कातडीला लागतं आणि पक्षी आतून गारठतो, बाहेर मुंबईचा उकाडा असला तरी. त्यात तो चोचीनं पिसं साफ करत राहतो आणि तेल पोटात जातं. असा जीव किनाऱ्यावर येतो तेव्हा उपाशी, तहानलेला, थंड आणि भेदरलेला असतो. त्याला तासभर साबणपाण्यात धरणं म्हणजे तापानं फणफणलेल्या माणसाला उठवून पोहायला लावणं. आधी ऊब, मग नळीनं क्षारपाणी, मग पातळ अन्न. एक दिवस, दोन दिवस. रक्त तपासून, वजन करून तो धुण्याइतका धट्टा झाला असं ठरलं तरच धुवायचं.

ताडपत्रीवर बदक ठेवते, वर जळकं ऑइल ओतते. "या भोवताली गोल करा. हात मागे बांधा. दोन मिनिटं कोणी हलायचं नाही. फक्त बघायचं."

दोन मिनिटं फार मोठी असतात. वीस सेकंदांत एका मुलीचा हात आपोआप पुढे येतो, ती ओशाळून मागे घेते. मग मी विचारते, काय दिसलं? वारा कुठून येतोय? पायाखाली घसरडं आहे का? पाणी चढतंय की उतरतंय? शेजारी विडी कोण ओढतंय? (नाखवा विडी विझवतो.) असा एकच पक्षी आहे की पुढे चाळीस आहेत? चाळीस असतील तर याला घेऊन तुम्ही निघालात की त्यांचं काय?

जानेवारी २०१७मध्ये चेन्नईजवळ एन्नोरला दोन जहाजांची टक्कर झाली. तेव्हाचे फोटो दाखवते: बादल्या घेऊन गुडघाभर काळ्या रेंद्यात उतरलेली पोरं, कितीतरी जणांच्या हातांत मोजेसुद्धा नाहीत. देशभर कौतुक झालं. मला मात्र ते फोटो बघताना त्या पोरांचे हात आठवत राहतात.

सकाळी सव्वानऊ

आता नाकाचा विषय. ओहोटीला खाडीच्या चिखलातून सडक्या अंड्यांचा वास येतो, तो हायड्रोजन सल्फाइडचा. इथे काम करणाऱ्यांना तो घरचाच. कच्च्या तेलातूनही तोच वायू निघू शकतो. थोडा असला की वास येतो, आणि दहा लाख भागांत शंभरच्या आसपास गेला की नाकच मरतं, वास यायचा बंद होतो. वास गेला म्हणजे धोका गेला असं समजून माणूस पुढे पाऊल टाकतो. म्हणून मीटर. ऑक्सिजन, पेट घेणारी वाफ, हायड्रोजन सल्फाइड, कार्बन मोनॉक्साइड, चारही मोजणारा. ऑक्सिजन साडेएकोणीस टक्क्यांखाली गेला की बाहेर.

मीटर कुणाकडे आहे विचारते. एका कार्यालयात आहे, कपाटात, किल्ली बदलून गेलेल्या साहेबांकडे. तपासणीची तारीख दोन वर्षांमागे उलटलेली. कार्यालय कोणतं ते इथे लिहीत नाही, वाचणाऱ्याला आपलंच वाटेल. मीटर नसेल तर निदान काठीला सुती फीत बांधा, वारा पाठीवर घ्या आणि लांब उभे राहा. फितीला दोन रुपये लागतात.

शिवडीचं नाव काढलं की सगळ्यांना फ्लेमिंगो आठवतात. मला १४ जुलै २०१०ची पहाटही आठवते. तिथेच हाजी बंदरात वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या सिलिंडरांतून क्लोरिन गळला. शंभराहून जास्त लोकांना बाधा झाली, त्यांत मदतीला धावलेले अग्निशमन दलाचे जवानही होते. क्लोरिन हवेपेक्षा जड, जमिनीलगत पसरतो. धूर दिसला की खाली वाकायचं हे आपल्याला शाळेत शिकवलेलं असतं. इथे वाकायचं नाही. वाऱ्याच्या आडवं निघायचं आणि उंचावर जायचं. चित्राची टक्कर त्यानंतर २४ दिवसांनी झाली. एकाच पावसाळ्यात, एकाच बंदरात.

सकाळी साडेदहा

पाणी आता खळाळत आत येतंय. नारळ सोडतो. जेट्टीवर दहा मीटरच्या दोन खुणा केलेल्या आहेत. एक वनरक्षक घड्याळ धरून ओरडतो, "अठरा सेकंद!" म्हणजे ताशी दोन किलोमीटर. ऐकायला काहीच नाही, नातवंडाचं बोट धरून चालणारी आजी याहून भरभर जाते. पण बूम प्रवाहाला काटकोनात लावला तर ताशी सव्वा किलोमीटरच्या वर तेल त्याच्या खालून निसटतं. मी हा आकडा फळ्यावर लिहीत नाही. सांगूनही काही उपयोग नसतो.

"लावा आडवा," म्हणते.

बूम म्हणजे तरंगता कुंपणपट्टा, वर फुगीर नळी, खाली वजन लावलेली झालर. दोन होड्यांनी तो प्रवाहाच्या अगदी समोर ताणला जातो. छान दिसतो, केशरी, सरळ, फोटोसारखा. फोटो काढलाही जातो. मग नाखवा वरच्या अंगानं तूस सोडतो. पिवळसर थर बूमपाशी येतो, साठतो, सगळे "थांबलं, थांबलं" म्हणतात, आणि दहा सेकंदांत झालर मागे उचलली जाते आणि सगळं तूस तिच्या खालून गुपचूप पलीकडे वर येतं.

कोणी काही बोलत नाही. नाखवा पाण्यात थुंकतो. "मी सकालीच बोललो व्हतो. ह्यो पानी आडवा धरवनार नाय."

आता तोच बूम तिरका. प्रवाहाशी सलगी करून, जेट्टीच्या कोपऱ्याकडे तोंड करून. तूस बूमच्या अंगाअंगानं सरकत कोपऱ्यातल्या शांत पाण्यात जमतं. तिथे वरचं तेल ओढून घेणारा स्किमर लावता येतो, शोषक पॅड टाकता येतात, काहीच नसेल तर परडीनं उचलता येतं. कोळ्यांना हे नवीन नाही. त्यांची जाळी शेकडो वर्षं पाण्याशी भांडत नाहीत, पाण्याला वाट देतात. माझ्या मते अशा प्रशिक्षणात एक सत्र नाखव्याच्या नावावर हवं आणि त्याचं मानधनही माझ्याइतकं हवं. हे मी दर वर्षी अहवालात लिहिते.

एक मुलगी विचारते, "मॅडम, तेल तिवरांत शिरलंच तर?" हा प्रश्न मला फार आवडतो, कारण उत्तर कोणालाच आवडत नाही. तिवराची श्वसनमुळं चिखलातून पेन्सिली रोवल्यासारखी वर आलेली असतात, त्यांवर तेल बसलं की झाड गुदमरतं. साफ करायला वीस माणसं आत गेली तर ती मुळं मोडतात आणि वरचं तेल पायांनी चिखलात खोल गाडतात. तिथून ते वर्षानुवर्षं जात नाही. म्हणून तेल शिरण्याआधी तोंडाशी बूम. शिरलं तर बाहेरूनच, होडीतून, हलक्या दाबाचं पाणी मारून जेवढं निघेल तेवढं. बाकीचं भरती-ओहोटीवर सोडायचं. "म्हणजे काहीच करायचं नाही?" ती विचारते. पाय ठेवायचा नाही, हेही करणंच आहे.

दुपारी बारा

पांढरे सूट चढवले जातात. आत सुती मोजे, वर नायट्रिलचे दोन थर, गमबूट, सांध्यांवर चिकटपट्टी. मे महिना, सावलीत चौतीस अंश, हवेत घामाला सुकायला जागा नाही. वीस मिनिटं काम, मग बाहेर, नाडी मोजायची. अकराव्या मिनिटाला एक धडधाकट गडी गप्प होतो. गप्प झालेला माणूस ही पहिली खूण. नाडी एकशे चाळीस. त्याला बाहेर काढून ओला पंचा मानेवर, लिंबूसरबत. तो शरमतो. मी सगळ्यांना थांबवून त्याला टाळ्या द्यायला सांगते, कारण 'मला गरगरतंय' असं त्यानं स्वतः सांगितलं. आपल्याकडे पुरुष हे सांगत नाहीत, कोसळतात.

सूट घालण्यापेक्षा काढणं अवघड. तीन दोऱ्या: लाल, पिवळी, हिरवी. लाल दोरीच्या आतलं काहीही पिवळ्यात धुतल्याशिवाय हिरव्यात येत नाही. आधी बूट, मग वरचे मोजे, मग सूट आतली बाजू बाहेर करत, मग मास्क, शेवटी आतले मोजे. सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या एका आजीला हे चटकन समजलं असतं. सगळ्यांच्या मोज्यांना मी आधी गुपचूप हळद लावून ठेवते. सूट काढून झाल्यावर चेहऱ्यावर, कानामागे, मोबाइलवर पिवळे डाग मोजायचे. आज बावीसांपैकी सतरा जण पिवळे. रेंजर साहेबांच्या तर थेट ओठावर.

दुपारी दीड

जेवण. कोणाच्या डब्यात तांदळाची भाकरी नि सुकट, कोणाच्या चपाती-भेंडी. खाडी काठोकाठ भरली आहे, चिखल नाहीसा झालाय आणि रोहितांचे थवे डोक्यावरून आतल्या पाणथळींकडे निघालेत.

जेवताना मी 'ट्रेझर'ची गोष्ट सांगते. जून २०००मध्ये दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनजवळ हे जहाज बुडालं, नेमकं पेंग्विनांच्या दोन मोठ्या बेटांच्या मधे. तेल लागलेले साधारण १९,००० पेंग्विन गोळा करून हजारो लोकांनी धुतले, आणि बहुतेक जगले. ही झाली जगाला माहीत असलेली अर्धी गोष्ट. उरलेली अर्धी अशी, की तेल न लागलेले आणखी १९,५००च्या आसपास पेंग्विन उचलून शेकडो किलोमीटर दूर पोर्ट एलिझाबेथला नेऊन समुद्रात सोडले. ते पोहत घरी परत येईपर्यंत इकडे तेल साफ करायला वेळ मिळाला. धुण्याचे फोटो छापून आले. पण मला विचाराल तर खरी अक्कल त्या ट्रकांमध्ये होती.

"आपण यांना ट्रकात कसं भरणार?" कोणीतरी वर बोट दाखवतं.

भरणार नाही, हाकणार. शेताची राखण करतो तसं. फटाके, भोंगे, होडी, पतंग. पण कणसावरनं पाखरू उडवलं तर ते शेजारच्या शेतात बसतं, तसं हे कुठे बसेल ते आधी ठरवायला हवं. तेल खाडीत असेल आणि भरतीची विश्रांतीची पाणथळ आपणच भराव घालून बुजवली असेल, तर उडवलेला थवा घिरट्या घालून दमून त्याच तेलात उतरेल. म्हणून कुठली पाणथळ भरतीला जिवंत असते याचा नकाशा आजच, तेल नसताना हवा. वनरक्षकांनी डबे बाजूला सारून वहीच्या पानावर तो काढायला घेतला. माझ्याकडच्या नकाशात नव्हत्या अशा तीन जागा निघाल्या.

दुपारी अडीच

आता पकडणं. एक तरुण वनरक्षक रोहित होतो, एक पाय वर करून उभा राहतो, सगळे खिदळतात. नियम असा की पाण्याच्या बाजूनं यायचं, म्हणजे पक्ष्याची पाण्यात पळायची वाट बंद. दोघांनी, चादर पसरून, एकदाच. चुकलं तर पाठलाग नाही. रोहितासारख्या लंबटांग्या पक्ष्याला पळवलं तर त्याचे स्नायू आतून फाटतात. हाती लागला तरी पुढच्या दोन-चार दिवसांत पाय धरत नाही आणि मरतो. बगळा डोळ्यावर नेम धरतो, म्हणून चष्मा. पाणकावळा चावतो म्हणून कोणी त्याची चोच चिकटपट्टीनं बांधायला जातं. त्याच्या नाकपुड्या बुजलेल्या असतात, तो तोंडानं श्वास घेतो. पट्टी लावली की तुमच्या हातातच गुदमरला. हे वाक्य मी दोनदा म्हणवून घेते.

मग ज्यासाठी सगळे सकाळपासून थांबलेत ते: धुणं. एका बदकाला दोन माणसं, आठ टब. पाणी चाळीस अंश. थर्मामीटर आहे, तरी एक वनरक्षक ताई कोपर बुडवून सांगते, "बाळाच्या अंघोळीला काढतो तेवढं." एक्केचाळीस निघतं. बोअरचं पाणी घेतलं तर साबणाला फेस येत नाही आणि पिसात क्षार बसतात, म्हणून धरणाचं नळपाणी. साबण शेकडा दोन-तीन भाग. चोळायचं नाही, ओंजळीनं साबणपाणी पिसांच्या दिशेनं ढकलत राहायचं. डोक्याला मऊ दात-ब्रश. पहिला टब चहासारखा काळा होतो, दुसरा काढ्यासारखा, पाचव्यात तळ दिसतो. पाणी गढूळ झालं की टब बदलायचा, कंजुषी करायची नाही. एका पक्ष्याला हजार लिटरच्या वर पाणी लागू शकतं. आमच्या किनाऱ्यावरच्या किती गावांत उन्हाळ्यात ते मिळेल हा प्रश्न तिथल्या वनरक्षकांनीच विचारला. टँकर कोणाचा, ते आधी ठरवून ठेवा, एवढंच मला सांगता आलं.

साबण निघाला असं वाटतं तिथून खरं काम सुरू होतं. फवाऱ्यानं, पिसांच्या उलट दिशेनं, पोटाखाली, पंखाखाली. साबणाचा अंश राहिला तरी पक्षी भिजतो, तेलानं भिजला होता तसाच. एक वनरक्षक चाळीस मिनिटं फवारा धरून आहे, हात कापायला लागलेत. आणि मग बदकाच्या छातीवरून पाण्याचे थेंब गोल होऊन ओघळायला लागतात.

"अळवाचं पान!" तो ओरडतो.

मी वीस वेळा हे पाहिलंय, तरी अंगावर काटा येतो. मेलेलं बदक. पण पीस कोरडं.

"हे पाणी खाडीत ओतायचं का, मॅडम?" बोटचालक टब उचलतो. सगळे त्याच्याकडे बघतात, मग टबाकडे. तो स्वतःच टब खाली ठेवतो. पिंपात भरून परत नेते, जिथून तेल आणलं तिथल्या भंगार तेलासोबत ते जाईल.

दुपारी साडेचार

२५ मे २०२५ला केरळच्या किनाऱ्यासमोर 'एमएससी एल्सा ३' बुडालं. ६४० कंटेनर. १३ मध्ये धोकादायक माल आणि १२ मध्ये कॅल्शियम कार्बाइड. कार्बाइड म्हटल्यावर वर्गात माना हलतात, आंबे पिकवायची बंदी घातलेली ती पूड सगळ्यांना ठाऊक आहे. "त्यावर पाणी पडलं तर काय होतं?" वेल्डिंगच्या दुकानात काम केलेला एकजण सांगतो, गॅस सुटतो. ॲसिटिलीन. ठिणगी मिळाली की भडका. आता विचार करा, तो कंटेनर लाटांवर वाहत तुमच्या किनाऱ्याला लागलाय, दार वाकलंय, आणि गाव बघायला जमलंय.

कंटेनरवर, टँकरवर चार आकडी नंबर असतो. १४०२ म्हणजे कार्बाइड, १०१७ क्लोरिन, १००५ अमोनिया. पाठ करायचे नाहीत, दुर्बिणीनं लांबून वाचून फोनवर सांगायचे. वाचायला जवळ जावं लागत असेल तर तुम्ही फार जवळ गेलाच आहात. केरळात लोकांना २०० मीटर लांब राहायला सांगितलं होतं. हा भाग मी लवकर आटोपते. वनरक्षकानं रसायनाला हात लावायचाच नाही, मग त्याला रसायनशास्त्र शिकवून त्याचा हात कशाला शिवशिववायचा?

संध्याकाळी साडेपाच

पंचनामा. इथे मी विद्यार्थिनी. मेलेला पक्षी कुठे, कोणत्या कुशीवर, किती वाजता, साक्षीला कोण, हे लिहिण्यात या लोकांचा हात कोणी धरू शकत नाही. मला भर घालायची असते ती दोनच गोष्टींची. तेलाचा नमुना काचेच्या बाटलीत घ्या, प्लास्टिकच्या नको, आणि ज्याच्या हातातून ज्याच्या हातात गेला त्याची सही प्रत्येक वेळी. मेलेला पक्षीही उचला, नाहीतर घार आणि कुत्रं तेच तेल खातं. नुकसानभरपाईचा दावा उभा राहतो तो या क्रमांक लावलेल्या पिशव्यांवर.

फळ्यावर दोन नंबर: तटरक्षक दल १५५४, वनखातं १९२६. समुद्रातल्या तेलाची सूत्रं १९९६च्या राष्ट्रीय योजनेप्रमाणे तटरक्षक दलाकडे असतात. आपण किनाऱ्यावर, त्यांच्या हुकमाखाली. एका जागी दोन साहेब झाले की तेल मजेत पुढे जातं.

संध्याकाळी सात

पाणी पुन्हा उतरलंय. रोहित चिखलावर परतलेत, या उजेडात गुलाबी न दिसता राखाडी दिसतात. उरलेलं तूस पोत्यात भरलं जातं. सकाळी हात पुढे करणारी ती मुलगी माझ्याजवळ येते. "मॅडम, तुमचा पाणकावळा आज असता तर जगला असता का?"

"माहीत नाही. कदाचित नसता. पण उबेत मेला असता."

ती थोडा वेळ उभी राहते, मग सूटच्या पेट्या टेम्पोत चढवायला जाते.

रात्री दहा

अहवाल. नाखव्याच्या मानधनाची ओळ याही वर्षी लिहिली. मीटरची किल्ली, टँकर, पाणथळींचा नवा नकाशा.

१ जूनला मासेमारी बंद होईल, नैऋत्य वारा धरेल आणि जुहूपासून अलिबाग, खाली गोव्यापर्यंत पुळणीवर डांबराचे गोळे यायला लागतील. दर पावसाळ्यात येतात. तुम्ही फिरायला गेलात आणि त्यांत एखादा काळा, चिकट, थरथरणारा पक्षी दिसला, तर त्याच्यापासून लांब उभे राहा, पोरांना आणि कुत्र्यांना दूर ठेवा, १९२६ फिरवा आणि कोणी येईपर्यंत जागा सोडू नका. साबण आणायला धावू नका.